उंचवट्यांची डायमंड जाळी आणि वेफर हेड स्क्रू : भरपूर भिंती केल्यावरचं मत

लाकडी किंवा पत्र्याच्या स्टडची (उभ्या आधारांची) फ्रेम, त्यावर प्लाय किंवा सिमेंट बोर्ड, त्यावर पाणी अडवणारा कागद आणि मग सिमेंटचा गिलावा, अशा भिंतींचं काम मी घेते. विटेच्या भिंतीवर गिलाव्याला धरायला जागा असते. वीट खरबरीत असते, सांधे खोल असतात, वीट पाणीही पिते. फ्रेमच्या भिंतीत यातलं काहीच नाही. तिथे गिलावा जाळीला धरतो आणि जाळी स्क्रूला. म्हणून हे मत जितकं जाळीबद्दल, तितकंच तिला धरून ठेवणाऱ्या वस्तूंबद्दल आहे. लोक जाळी घासाघीस करून निवडतात आणि स्क्रू म्हणून हाताला लागेल तो डबा उचलतात, हे मला मनापासून खटकतं.

आधी जाळी. मी वापरते ती गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेला पत्रा चिरून, ताणून केलेली, हिऱ्याच्या आकाराच्या भोकांची डायमंड जाळी. एक शीट साधारण ६८६ मिमी रुंद आणि २४३८ मिमी लांब. बाजारात तिची दोन वजनं जास्त चालतात. एक चौरस मीटरला १.३६ किलोची आणि दुसरी १.८४ किलोची. स्टडमध्ये ४०६ मिमी अंतर असेल तर मी डोळे झाकून जड जाळी मागवते. हलकी जाळी दोन स्टडच्या मधोमध थापीखाली आत दबते, थापी उचलली की परत बाहेर येते, आणि ओला माल तिच्याबरोबर हलत राहतो. ‘ताई, जाळी उड्या मारतेय’ असं मिस्त्रींकडून ऐकू आलं की समजायचं, एकतर जाळी हलकी आहे किंवा स्क्रू लांब लांब पडलेत. जड जाळी हा आवाज बहुतेक वेळा येऊ देत नाही.

या जाळीचं खरं मोल तिच्या मागच्या बाजूच्या उंचवट्यांत आहे. ठरावीक अंतरावर जाळी दाबून मागे साधारण ६ मिमी पुढे आलेले टेकू काढलेले असतात. शीट भिंतीला लावली की टेकू भिंतीवर बसतात आणि उरलेली जाळी ६ मिमी बाहेर राहते. मिस्त्री जोर देऊन पहिला हात मारतो तेव्हा माल भोकांतून आत जातो, मागे पसरतो आणि तारांना मागून मिठी मारतो. तिथे तो घट्ट झाला की गिलावा आणि जाळी एकच होतात. शिवाय लोखंड चारही बाजूंनी सिमेंटमध्ये बुडतं. सिमेंटच्या क्षारतेत लोखंड गंजापासून सुरक्षित राहतं. मागची बाजू उघडी राहिली तर तिथे ओल साचते आणि जस्ताचा थर एकटाच लढत बसतो.

सपाट जाळी थेट कागदावर ठोकलेली एक भिंत आम्हाला उतरवावी लागली होती. पहिलं काम कुणाचं हे सांगण्यात अर्थ नाही. छिन्नी लावली आणि गिलाव्याचा मोठा तुकडा अख्खाच हातात आला. जाळी भिंतीवरच राहिली. मी तो तुकडा उलटा करून पाहिला. मागच्या बाजूला तारांचे ठसे अगदी स्वच्छ उमटले होते, पण तारांच्या पलीकडे गेलेला माल जवळजवळ नव्हता. म्हणजे गिलावा तारांच्या पुढ्यात नुसता टेकून उभा होता. माल चांगला होता, पाणीही नीट मारलेलं दिसत होतं. त्याला आत जायला वाटच दिली गेली नव्हती.

आणि इथेच स्क्रूचा प्रश्न येतो. उंचवट्यांची जाळी आणूनही ती स्क्रूने आवळून भिंतीला चिकटवली, तर ती सपाट जाळीच झाली.

मी तीन प्रकार वापरलेत : रुंद डोक्याचे गॅल्व्हनाइज्ड खिळे, हवेच्या गनने मारायच्या रुंद स्टेपल पिना आणि वेफर हेड स्क्रू. खिळ्यांबद्दल फार लिहीत नाही. लाकडी फ्रेमला ते चालतात, पण हातोडीचा शेवटचा घाव नेमका जाळीवर बसतो आणि टेकू चेपतो. शिवाय ठोकण्याच्या हादऱ्याने शेजारचा खिळा सैल होतो. छोटी जागा असेल, वीज नसेल, तर ठीक.

स्टेपल पिनांचा वेग बघून कुणीही मोहात पडेल. लाकडी फ्रेमवर मोठी भिंत असेल तर मीही त्याच काढते. पिनेची पाठ किमान १९ मिमी रुंद हवी आणि तिने जाळीच्या किमान तीन तारा पकडायला हव्यात. अरुंद पिन एकच तार पकडते, आणि एक तार म्हणजे काहीच नाही. लाकडात पाय किमान १९ मिमी शिरले पाहिजेत. अडचण गनच्या दाबाची आहे. दाब जास्त झाला की पिनेची पाठ तारा कापत आत घुसते. बाहेरून काम छान, चप्प बसलेलं दिसतं, आणि प्रत्यक्षात त्या जागी जाळी तुटलेली असते. कमी झाला तर पिन वर तरंगते. म्हणून काम सुरू करायच्या आधी त्याच लाकडाच्या तुकड्यावर, तोच प्लाय आणि तीच जाळी ठेवून गन लावून घ्यावी लागते. कॉम्प्रेसरवर दुसरी गन जोडली की दाब पडतो, हेही ध्यानात ठेवायचं. पत्र्याच्या स्टडवर मात्र पिनांचा उपयोग नाही, तिथे स्क्रूच.

वेफर हेड स्क्रू हे माझं आवडतं. डोकं चपटं, साधारण ११ मिमी रुंद, खालून सपाट. ते तीन तारांवर एकदम बसतं आणि जाळीच्या भोकातून आत सटकत नाही. जिप्सम बोर्डचे काळे स्क्रू इथे कुणी वापरत असेल तर त्याला थांबवा. त्यांचं डोकं खाली निमुळतं असतं. ते बोर्डच्या कागदात रुतण्यासाठी केलेलं आहे. जाळीवर ते भोकात शिरतं आणि तारा बाजूला सारतं. वरून ओल्या सिमेंटमध्ये आणि पावसाळी भिंतीत ते काळं लेपन फार टिकत नाही. स्क्रूलाही जाळीसारखाच जस्ताचा थर हवा.

लांबी आधी जुळवून घ्यावी. लाकडी स्टड असेल तर टेकूचे ६ मिमी, प्लायचे १२ मिमी आणि लाकडात १९ मिमी, म्हणजे ३७. त्यामुळे ३८ मिमीचा स्क्रू पुरतो. पत्र्याचा स्टड असेल तर पत्रा पार करून टोक पलीकडे किमान ९.५ मिमी निघायला हवं. प्लाय तोच धरला तर ३२ मिमीत भागतं. बोर्ड जाड झाला की हे गणित बदलतं आणि नेमकं तेव्हाच कुणी बदलत नाही. गोदामात ३२ चे पडलेत म्हणून लाकडी फ्रेमला ३२ लावले जातात. जाळी त्या दिवशी घट्टच वाटते.

स्क्रू मारताना क्लच असलेली, म्हणजे ठरवलेल्या जोरावर आवळणं थांबवणारी ड्रिल घ्या. इम्पॅक्ट ड्रायव्हरने कितीही हळू हात ठेवला तरी शेवटचा ठोका टेकू चेपतोच. मी पोरांना सांगते, स्क्रू शक्यतो टेकूशेजारी घ्या, कारण तिथे जाळीला खालून आधार असतो आणि आवळल्यावरही मागची पोकळी राहते. टेकू आणि स्टड दर वेळी एका ओळीत येत नाहीत, तेव्हा डोकं तारांना टेकलं की थांबायचं. तपासायची माझी रीत सोपी आहे. शीट लागली की कडेला डोळा लावून पाहायचं, मग एक खिळा आडवा धरून जाळीमागे सरकवायचा. खिळा मोकळा फिरला तर माल मागे जाणार. अडला तर तिथला स्क्रू अर्धा फेरा उलटा.

किती अंतरावर मारायचे? जाळी बसवण्याच्या एएसटीएम सी १०६३ या अमेरिकी मानकात स्टडच्या रेषेत १७८ मिमीपेक्षा जास्त अंतर नको असं आहे, आणि मी त्याला धरून असते. एका वितीपेक्षा कमीच झालं. महत्त्वाचं म्हणजे स्क्रू स्टडमध्येच गेला पाहिजे. मधल्या प्लायमध्ये मारलेला स्क्रू हाताला घट्ट लागतो, पण गिलाव्याचं ओझं, वारा आणि ऊनपावसात प्लायचं फुगणं-आक्रसणं हे सगळं सोसायला त्याच्यामागे काही नसतं. भोक मात्र पाणी अडवणाऱ्या कागदाला पडतंच. म्हणून कागद लावायच्या आधी स्टडच्या रेषा वरखाली खुणावून ठेवायच्या आणि कागद लागल्यावर दोरी मारून परत उतरवायच्या. लाकडी पाठीवर कागदाचे दोन थर घ्या. आतल्या थराने पाणी अडवायचं, बाहेरच्याने ओल्या गिलाव्याचा संबंध तोडायचा.

आता जाळीची माझी एकच मोठी तक्रार. या जाळीला वर-खाली असतं. तारा तिरक्या असल्यामुळे प्रत्येक भोकाशी एक छोटी वाटी तयार होते, आणि त्या वाटीचं तोंड वर हवं, म्हणजे माल त्यात बसतो, घसरत नाही. हात वर फिरवला की टोचलं पाहिजे, खाली फिरवला की गुळगुळीत लागलं पाहिजे. मी घेते त्या शीटवर याची कुठलीही खूण नसते. एक रंगाचा पट्टा वरच्या कडेला मारला असता तर किती काम वाचलं असतं! आम्ही आता बंडल फोडल्याबरोबर प्रत्येक शीटच्या वरच्या कोपऱ्याला स्प्रेचा ठिपका देतो. उलटी लागलेली शीट पहिल्या हाताला लगेच कळते, माल थापीमागून खाली उतरायला लागतो, पण तोवर स्क्रू सगळे मारून झालेले असतात.

शीट आडवी लावायची, लांबी स्टडना काटकोनात. लांब कडांचा जोड किमान १३ मिमी एकमेकांवर, आखूड कडांचा किमान २५ मिमी, आणि आखूड जोड एका उभ्या रेषेत येऊ द्यायचे नाहीत. दोन स्टडच्या मध्ये येणारा जोड १८ गेजच्या गॅल्व्हनाइज्ड तारेने बांधायचा. अंतर २२९ मिमीपेक्षा जास्त नाही. बरेच जण ही बांधणी गाळतात, कारण ती पक्कड घेऊन हाताने करावी लागते. पण न बांधलेल्या जोडावर दोन जाळ्या एकमेकींवर वेगवेगळ्या हलतात आणि गिलाव्यावर त्या जोडाची आडवी भेग दिसायला लागते.

कंट्रोल जॉइंटला, म्हणजे भिंत हलली तर गिलाव्याला भेग पडू नये म्हणून मुद्दाम सोडलेल्या सांध्याला, जाळी कापलीच पाहिजे. जॉइंटची पट्टी लावून मागून जाळी अखंड सोडलेली मी पाहिली आहे. मग भिंत हलणार ती पट्टीच्या शेजारून, आणि मालक पट्टी दाखवून विचारणार की ही कशासाठी बसवली? बाहेरच्या भिंतीवर १३.४ चौरस मीटरपेक्षा मोठा तुकडा आणि ५.५ मीटरपेक्षा लांब पट्टा सलग ठेवायचा नाही, हे नकाशावरच आखून घ्यावं. नंतर जाळीवर रेषा मारून काही होत नाही.

हाताळणीबद्दल थोडं. कापलेल्या कडा ब्लेडसारख्या असतात, जाड हातमोजे हवेतच. बंडलं आडवी, सपाट जमिनीवर ठेवा आणि त्यांच्यावर सिमेंटच्या गोण्या रचू नका. वजनाने टेकू चेपले की जाळी साइटवर येतानाच अर्धी सपाट झालेली असते. एकदा ट्रकमधून उतरवताना वरची शीट मी तपासली आणि टेकू बसलेले दिसले म्हणून अख्खी खेप परत पाठवली. पुरवठादार कुरकुरला, बदलून मात्र दिली.

आतल्या भिंतीवर जिप्सम प्लास्टर करणार असाल तर जाळी गॅल्व्हनाइज्डच आहे याची जास्त खात्री करा, कारण जिप्सम सिमेंटसारखी लोखंडाची राखण करत नाही. छतासाठी मात्र हे सगळं जसंच्या तसं उचलू नका. तिथे वजन खाली ओढत असतं, स्क्रूची लांबी आणि अंतर वेगळं पाहावं लागतं.

जाळीला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या न मारलेल्या पट्ट्यासाठी कापला. वेफर हेड स्क्रूला पाच. स्टेपल पिनांना लाकडावर चार, तेही गन लावून देणारा माणूस जाणता असेल तर. पुढच्या भिंतीला पाठीमागे १५ मिमीचा बोर्ड आहे आणि फ्रेम लाकडी, म्हणजे ६ अधिक १५ अधिक १९, ४० मिमी. ३८ चे उरलेले डबे मी बाजूला काढून ठेवलेत आणि ४५ चे मागवलेत.