कसरीचा फेरोमोन सापळा: घ्यावा की नाही?

लोकरीच्या गालिच्याला कसर (लोकर खाणाऱ्या अळीचा छोटा पतंग) लागली आणि ऑनलाइन उपाय शोधला की पुठ्ठ्याचा त्रिकोणी फेरोमोन सापळा हमखास समोर येतो. आत चिकट थर आणि मधोमध मादीचा गंध लावलेली छोटी वडी. वस्तू चांगली आहे, पण खोक्यावर ‘कसरीचा नायनाट’ असं छापलं असेल तर त्यावर विसंबू नका. सापळ्याने कसर संपत नाही. ती घरात आहे का आणि कुठल्या कोपऱ्यात आहे, एवढं मात्र तो नेमकं सांगतो. तेवढ्यासाठी घेतलात तर पैसे वसूल.

वडीच्या गंधाला फक्त नर येतात. एक नर अनेक माद्यांना पुरतो, म्हणून वीस नर चिकटले तरी वाचलेल्या चार-दोन नरांवर पुढची पिढी उभी राहते. मादी सहसा उडत नाही, गालिच्यातच तुरुतुरु पळते आणि तिथेच चाळीस-पन्नास अंडी घालते. लोकर खाते ती अळी. पंख फुटल्यावर हा किडा काहीही खात नाही.

खरेदी करताना पहिली चूक होते ती इथे: स्वयंपाकघरातल्या धान्याच्या पतंगाचे सापळे दिसायला अगदी असेच असतात, पण त्यांची वडी वेगळी असते. गालिच्यासाठी हवा तो ‘टिनिओला बिसेलिएला’ या जातीचा. हा सोनेरी, गवताच्या काडीच्या रंगाचा, जेमतेम ६ ते ८ मिलिमीटर लांबीचा आणि उजेड टाळणारा पतंग. दिव्याभोवती घिरट्या घालणारा पतंग बहुधा हा नसतो. पाकिटावर जातीचं नावच नसेल तर ते घेऊ नये. वडीची मुदतही तपासून घ्या.

मुंबई-कोकणातल्या दमट घरांत आणखी एक अडचण येते. भिंतीवर, फर्निचरमागे भोपळ्याच्या बीसारख्या चपट्या, राखाडी, दोन्ही टोकांना उघड्या पिशव्या चिकटलेल्या दिसतात ना, त्यांच्या आत वेगळ्या जातीची अळी असते. तिचं मुख्य खाणं कोळ्याची जाळी आणि धुळीतले केस, पण लोकर सापडली तर तीही सोडत नाही. टिनिओलाच्या वडीला हिचे नर येत नाहीत. म्हणून सापळा रिकामा आहे, पण भिंतीवर पिशव्या आहेत, अशा घरात सापळ्यावर खर्च करण्यात अर्थ नाही. पिशव्या वेचून काढा, जाळी झाडा, ओल कमी करा.

सापळा मांडायचा तो जमिनीलगत. सोफ्याखाली, पलंगाखाली, जिथे गालिच्यावर वर्दळ नाही आणि झाडू पोचत नाही तिथे. खिडकीजवळ नको, वारा गंध उडवून नेतो. डांबराच्या गोळ्या किंवा उदबत्ती शेजारी नको. वडी बोटांनी हाताळू नका, आणि शिल्लक वड्या बंद पाकिटात फ्रिजमध्ये ठेवा. साधारण ८ ते १२ आठवडे चालतात असं म्हणतात, पण उन्हाळ्यात गंध लवकर उडतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये सहा आठवड्यांनी बदललेली बरी. पाल चिकटण्याचा धोका असतो, त्यामुळे भिंतीला अगदी लावून ठेवू नये. चिकटलीच तर ओढू नका, खाण्याचं तेल थेंब-थेंब सोडा, सरस सुटतो.

प्रत्येक खोलीत एक सापळा, त्यावर मांडल्याची तारीख, आणि दर आठवड्याला मोजणी. ज्या खोलीत आकडा जास्त, तिथला गालिचा उलटा करा. खरा पुरावा तिथे मिळतो. बऱ्याच गालिच्यांचा ताणा (उभे धागे) सुती असतो, अळी त्याला शिवत नाही. त्यामुळे लोकरीच्या गाठी गळून पांढरे सुती धागे उघडे पडतात. बाजूला रेशमी जाळीच्या नळ्या आणि रव्यासारखी विष्ठा असते. ही विष्ठा गालिच्याच्याच रंगाची असते, लाल गालिच्यात लाल, म्हणून सहज नजरेतून सुटते.

काम खरं तर पुढे आहे. व्हॅक्युम क्लीनर दोन्ही बाजूंनी सावकाश फिरवा. कडा, झालर आणि गालिच्याखालची जमीन सोडू नका. धुळीची पिशवी लगेच घट्ट बांधून घराबाहेर टाका, नाहीतर अळ्या परत येतात. गालिचा उन्हात घालताना पाठ वर ठेवा, म्हणजे रंग उडणार नाही, आणि कडक ब्रशने झटका.

घोंगडी, नमदा (दाबलेल्या लोकरीचं अंथरूण), छोटं आसन यांसाठी डीप फ्रीझर उत्तम. कोरडी वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा दाबून काढा, तोंड टेपने बंद करा आणि उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नका. दव पिशवीवर बाहेरून जमू दे, लोकरीवर नको.

मोठ्या गालिच्यासाठी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलंत तर फवारा पाठीमागून आणि कडांना मारायला सांगा. परमेथ्रिनवाला फवारा असेल तर मांजर आणि माशांची टाकी आधी दूर ठेवा, दोघांनाही तो घातक आहे. डांबराच्या गोळ्या उघड्या गालिच्याखाली टाकून काही होत नाही. त्यांची वाफ बंद ट्रंकेतच साठते, आणि तान्ह्या बाळाच्या कपड्यांजवळ तर त्या ठेवूच नयेत.

सफाईनंतर नवा सापळा त्याच जागी ठेवा. आकडा उतरला नाही तर उगम दुसरीकडे आहे असं समजा: माळ्यावरची जुनी लोकरी गादी, कपाटाखालचा केसांचा गोळा, पियानोतला फेल्ट (दाबलेली लोकर). घरात फक्त सुती सतरंज्या आणि सिंथेटिक गालिचे असतील तर हा सापळा घेऊच नका.