केटरहॅम सेव्हन की एक्सोसेट?
या दोन्ही सुट्या भागांच्या संचातून घरी जोडायच्या स्पोर्ट्स गाड्या. १९५७ च्या लोटस सेव्हन या गाडीचा वारसा १९७३ पासून चालवणाऱ्या ब्रिटनमधील केटरहॅम कंपनीच्या संचात बहुतेक भाग कोरे असतात. त्यामुळे घरच्या गॅरेजात प्रश्न उरतो तो मुख्यतः पान्ह्यांचा आणि संयमाचा. एक्सोसेटसाठी मात्र आधी जुनी माझदा एमएक्स-५ गाडी सोलावी लागते. तिचे इंजिन, गिअरबॉक्स आणि सस्पेन्शन नव्या नळ्यांच्या सांगाड्याखाली सरकवायचे, हे ऐकायला सोपे वाटते, पण सस्पेन्शनचा एखादा गंजलेला बोल्ट अख्खी संध्याकाळ खातो. खर्च मात्र बराच कमी येतो. ब्रिटनमध्ये रस्त्यावर आणण्यापूर्वीची आयव्हीए, म्हणजे एकेका गाडीला स्वतंत्र मान्यता देणारी, तपासणी दोन्ही गाड्यांना चुकत नाही, आणि तीत बाहेरच्या कडा पुरेशा गोलावलेल्या आहेत का, हेसुद्धा पाहतात. प्रथमच गाडी जोडणाऱ्याने, ऐपत असल्यास, केटरहॅमच घ्यावी, असे माझे मत आहे.