लघवीतील प्रोटीनची रंगपट्टी : घ्यावी, पण काय दाखवते ते ओळखून

किडनीच्या रुग्णाला घरच्या घरी वापरता येणारी ही पट्टी एका मिनिटात उत्तर देते, आणि चाळणी म्हणून ती चांगलीच आहे. तक्रार डबीवरच्या मजकुराबद्दल आहे. तिथे 'प्रोटीन' छापलेले असते, पण पट्टी प्रामुख्याने अल्ब्युमिन हे रक्तातले एकच प्रोटीन ओळखते.

पट्टीवरच्या चौकोनात टेट्राब्रोमोफेनॉल ब्लू हा रंग असतो आणि पीएच (आम्लतेचे माप) ३ च्या आसपास राखणारा बफर. अल्ब्युमिन रंगाला चिकटले की पिवळा चौकोन हिरवट, मग निळसर होतो. ग्लोब्युलिन आणि लाइट चेन (प्रतिपिंडांचे तुकडे) ही दुसरी प्रोटीन या रंगाला फारशी दाद देत नाहीत. त्यामुळे मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगाच्या रुग्णाच्या लघवीत लाइट चेन भरपूर असूनही चौकोन पिवळाच राहू शकतो.

सकाळची पहिली लघवी घ्यावी, धार सुरू झाल्यावर मधली, स्वच्छ कोरड्या भांड्यात. पट्टी बुडवून लगेच काढायची, कड भांड्याला टेकवून जादा थेंब निथळू द्यायचे आणि आडवी धरायची. फार वेळ बुडवून ठेवली तर बफर धुऊन जातो आणि प्रोटीन नसतानाही रंग हिरवा दिसतो. बहुतेक पट्ट्यांवर प्रोटीनचा रंग ६० सेकंदांनी, चांगल्या उजेडात वाचायचा असतो. उशिरा वाचलेला रंग धरू नये.

साधारणपणे १+ म्हणजे डेसिलिटरला ३० मिलिग्रॅम, २+ म्हणजे १०० आणि ३+ म्हणजे ३००. खरी गोम इथे आहे. दिवसाला १ ग्रॅम अल्ब्युमिन जाणाऱ्या माणसाला लघवी १ लिटर झाली तर पट्टी २+ दाखवेल. तोच माणूस भरपूर पाणी प्यायला आणि लघवी ३ लिटर झाली, तर १+. आजार तसूभरही हललेला नसतो. म्हणून अधिक चिन्हांची संख्या बघून औषध चालले की नाही हे कृपा करून ठरवू नका.

हा दोष अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा, लघवीवाटे जाणारा टाकाऊ पदार्थ) असे दोन चौकोन असलेली पट्टी बराच कमी करते, कारण पातळ लघवीत दोन्ही सारखेच विरळ होतात. दोन्हींत निवड करायची तर आमची पसंती हिलाच. तरी आकडा हवा असेल तर लॅबमधली एसीआर, म्हणजे अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तराची, तपासणीच करावी. त्यात क्रिएटिनिनच्या दर ग्रॅममागे अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर सामान्य ते किंचित वाढलेले, ३० ते ३०० मध्यम वाढलेले, त्यापुढे तीव्र. एका नमुन्यावर शिक्का मारत नाहीत, वाढ ३ महिन्यांहून अधिक टिकते का ते पाहतात. ताप, लघवीतला जंतुसंसर्ग, मासिक पाळी किंवा आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम असेल तर तपासणी पुढे ढकललेली बरी.

खोटा पॉझिटिव्ह येण्याची आणखी दोन कारणे सर्रास आढळतात: पीएच ८ च्या वर गेलेली लघवी, आणि भांड्याला लागलेले क्लोरहेक्सिडिनसारखे जंतुनाशक. शिळ्या नमुन्यात जंतू वाढून पीएच चढतो, म्हणून नमुना ताजा हवा. डबीचे झाकण लगेच घट्ट लावा, आतली ओलावा शोषणारी पुडी काढू नका आणि डबी फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढताच पट्ट्यांवर दव धरते आणि चौकोन खराब होतात.

लॅबमध्ये एकूण प्रोटीन बरेच वाढलेले निघाले आणि पट्टीचा चौकोन मात्र पिवळाच असेल, तर पट्टी बदलून पाहत बसू नका. अशा वेळी डॉक्टरांना लघवीचे इलेक्ट्रोफोरेसिस व इम्युनोफिक्सेशन (प्रोटीनचे प्रकार वेगळे करून ओळखणाऱ्या तपासण्या) आणि रक्तातील फ्री लाइट चेनची तपासणी याबद्दल लवकर विचारा.