काळी मांजर की काळा कुत्रा? शेल्टरमधून आणताना

शेल्टरमधून, म्हणजे बेवारस जनावरांच्या निवाऱ्यातून, आणायचं तर काळंच जनावर आणायचं, इथवर तुमचं ठरलंय असं धरून चालतो. लसी, नसबंदी, रोज फिरवायला कोण नेणार, हे सगळं कुठेही वाचायला मिळतं. माझ्याकडे आधी भुंगा होता, शेल्टरमधला काळाकुळकुळीत कुत्रा. दहा वर्षं राहिला. आता शाई ही मांजर आहे, तीही शेल्टरमधलीच, तीही काळी. दोघांबरोबर राहून माझं एक मत झालंय. पण ते एका माणसाचं आणि दोनच जनावरांचं आहे, तेव्हा त्याला तेवढंच वजन द्या.

‘ज्याला कोणी नेत नाही त्याला न्यायचं’ एवढाच हेतू असेल, तर पारडं थोडं मांजरीकडे झुकतं. काळे कुत्रे मागे राहतात ही समजूत जुनी. ‘ब्लॅक डॉग सिंड्रोम’ असं तिला नावही आहे. पण अमेरिकेतल्या दोन शेल्टरांच्या नोंदी तपासून 2015 मध्ये जो अभ्यास छापून आला, त्यात कुत्र्याचं वय आणि जात यांच्यापुढे रंगाचं फारसं काही चाललेलं दिसलं नाही. मांजरींचं मात्र तसं नाही. कोलोरॅडोतल्या शेल्टरांवरच्या 2013 च्या अभ्यासात काळ्या मांजरींना घर मिळायला जास्त दिवस लागल्याचं आढळलं.

मग शेल्टरमध्ये काळे कुत्रेच का दिसतात? एक कारण साधं आहे: ते जन्मालाच जास्त येतात. कुत्र्यातला काळा रंग बहुतेक वेळा वरचढ असतो, आई-बापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. मांजरीत उलट आहे. तिथे पट्टे उमटवणारं जनुक दोन्हीकडून निकामी आलं तरच पिल्लू काळं होतं. पट्टे तरीही पुरते पुसले जात नाहीत. शाई उन्हात खिडकीशी बसली की अंगावर फिकट पट्टे दिसतात, जुन्या पाटीवर नीट न पुसलेल्या अक्षरांसारखे.

पहिल्या भेटीत दोघंही अन्याय करून घेतात. पिंजऱ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात काळ्या मांजरीचे दोन डोळेच दिसतात. चेहरा वाचता येत नाही, म्हणून माणूस पुढच्या पिंजऱ्याकडे सरकतो. कुत्र्याचे दात आणि जीभ तेवढी उठून दिसते, त्यामुळे तो हसत असला तरी गुरगुरतोय असं वाटतं. दोघांनाही बाहेर उजेडात आणायला सांगा. कुत्र्याचे कान आणि शेपूट बघा, मांजर तुमच्याकडे बघून सावकाश डोळे मिटते का ते बघा. शेल्टरने काढलेल्या फोटोवरून तर काहीच ठरवू नका. फ्लॅश मारलेल्या फोटोत काळं जनावर म्हणजे डोळे चिकटवलेला डाग.

आता ज्या गोष्टीने माझं ठरलं ती सांगतो. गोचिडी.

पिवळसर, आखूड केसांच्या कुत्र्यावरची गोचीड चार हातांवरून दिसते. काळ्या कुत्र्यावर ती डोळ्यांनी सापडतच नाही, बोटांनी शोधावी लागते. भुंगा गवतातून आला की रोज संध्याकाळी अर्धा तास माझा हाच उद्योग. कानामागे, कानाच्या पाळीच्या आत, पट्ट्याखाली, काखेत, शेपटीच्या मुळाशी आणि पंजाच्या बोटांच्या बेचक्यांत. वाटाण्याएवढी फुगलेली हाताला लागते तरी, तिळाएवढी निसटून जाते. सापडली की चिमटा अगदी कातडीजवळ लावायचा आणि सरळ, सावकाश ओढायचं. पिळायचं नाही, तेलबिल ओतायचं नाही. एकदा पोटावर असंच काही फुगीर लागलं, मी मोठ्या उत्साहाने चिमटा लावला आणि भुंगा कळवळून ओरडला. ते त्याचं सड होतं. नरालाही सड असतात, हे मला माहीत होतं. चिमटा हातात असताना आठवलं नाही इतकंच.

गोळ्या आहेत, आणि त्या द्यायच्याच. पण पोटात द्यायच्या गोळीने गोचीड मरते ती चावल्यावर, म्हणून शोधणं काही सुटत नाही. माझ्या हातून एक सुटली, मागच्या पायाच्या बेचक्यातली. पंधरा दिवसांनी भुंग्याने खाणं सोडलं, अंग तापलं. हिरड्या फिक्या पडल्यात का बघा, असं फोनवर सांगितलं गेलं, तर त्याच्या हिरड्याही काळ्या! शेवटी खालची पापणी ओढून आत पाहिलं, तेव्हा कळलं की रंग उतरलाय. रक्तात एर्लिकिया निघाला, गोचिडीच्या चाव्यातून शिरणारा जंतू. डॉक्सिसायक्लीन हे अँटिबायोटिक 28 दिवस दिलं, भुंगा बरा झाला. माझं मन मात्र नंतर कधी निर्धास्त झालं नाही. ताप आधी उमगला असता, गोचीड आधी दिसली असती, हे प्रत्येक संध्याकाळी त्या काळ्या केसांत बोटं घातली की आठवायचं.

घरातच राहणाऱ्या मांजरीला हा त्रास जवळजवळ नाही. पिसवा होऊ शकतात, आणि काळ्या अंगावर त्यांची काळी घाणही दिसत नाही. पण बारीक फणी फिरवायची, निघालेला चुरा ओल्या पांढऱ्या कागदावर टाकायचा. त्याभोवती तांबूस डाग पसरला तर पिसवा आहेत. पंधरवड्यातून पाच मिनिटांचं काम.

म्हणून मांजर बिनत्रासाची असं मात्र नाही. शाई रात्री जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर झोपते. का, ते तिलाच ठाऊक. मी तिच्या शेपटीवर दोनदा पाय दिलाय आणि एकदा तिला वाचवताना स्वतः चार पायऱ्या घसरलोय. घुंगराचा पट्टा आणला, अडकला तर आपोआप सुटणारा. तो आठवड्यात सुटला आणि परत दिसला नाही. एकदा दोन तास घर उलथंपालथं केलं, तर बाईसाहेब काळ्या प्रवासी बॅगेत डोळे मिटून पडलेल्या. शेवटी जिन्यात जमिनीलगत मंद दिवे लावले आणि प्रश्न मिटला. कुत्र्याच्या बाबतीत अंधार घराबाहेरचा. काळं अंग उन्हात लवकर तापतं म्हणून तुम्ही त्याला दिवस मावळल्यावर नेता, आणि नेमका तेव्हाच तो गाडीवाल्यांना दिसत नाही. चमकणारा पट्टा आणि गळ्यात छोटा दिवा, एवढं पुरतं. ही दोन्ही दुखणी पैशाने सुटणारी आहेत. गोचीड शोधणारी बोटं विकत मिळत नाहीत.

भुंगा जिवाचा होता. त्याचं तोंड सातव्या वर्षीच पांढरं व्हायला लागलं, आणि ते बघण्यातही एक वेगळी माया असते, जी मांजरीकडून मला अजून तरी मिळालेली नाही. ज्याला रोज मैलभर चालायला सोबत हवी, त्याला मांजर घे म्हणणं वेडेपणाच. पण दोन्ही चालण्यासारखं असेल आणि मनाचा काटा मध्येच अडकला असेल, तर मी आज पुन्हा शाईच आणीन.

आणि तरीही कुत्राच आणायचा झाला, तर आखूड केसांचा बघा. पोट आणि पंजे पांढरे असतील तर फारच उत्तम. निदान तेवढा भाग डोळ्यांनी तपासता येतो.