काजूच्या कारखान्यात कोणाला कसं सांगायचं: फळा, फोन, कागद की नमुना?

सावंतवाडी-वेंगुर्ला पट्ट्यातल्या एका काजू युनिटमध्ये नव्याने सुपरवायझर झालेल्या मुलीने परवा फोन करून विचारलं, "ताई, रोजच्या सूचना व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू, की फळ्यावर लिहू?" मी आधी सोलणीला, म्हणजे गरावरची साल काढायला होते, मग ग्रेडिंगला, आणि आता कित्येक वर्षं सुपरवायझर आहे. तिला म्हटलं, ऐकणारा कोण आहे आणि ऐकल्यावर त्याला काय करायचंय, ते आधी सांग. कोणतं साधन वापरायचं ते त्यावरूनच ठरतं.

आमच्याकडे एकच बातमी चार जणांना चार तऱ्हेने सांगावी लागते. समजा, बी ओली आली. फोडणीच्या, म्हणजे बीचं कवच फोडणाऱ्या बायकांना सांगायचं की गर मऊ आहे, तुटेल, हात जपून चालवा. शेतकऱ्याला सांगायचं की वजनात कपात होईल. वाशीच्या मसाला मार्केटातल्या व्यापाऱ्याला सांगायचं की यंदा अख्खा पांढरा गर कमी आणि पाकळी, म्हणजे दुभंगलेला गर, जास्त निघेल. बँकेला सांगायचं की माल गोदामात जास्त दिवस राहील. चौघांनाही एकच मेसेज पाठवला, तर प्रत्येकाला त्यातली तीन वाक्यं परकी वाटतात.

कामावरच्या बायका: फळा की नमुना

इथे मी ठामपणे नमुन्याच्या बाजूने आहे, कारण फळ्याची किंमत मी मोजली आहे. पूर्वी ज्या युनिटमध्ये होते तिथे व्यापाऱ्याची तक्रार आली की गरावर साल राहते. मी फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, "गरावर टेस्टा राहू नये. स्कॉर्च्ड गर वेगळा काढावा." पुढचा मालही परत आला. मी जाब विचारायला गेले तेव्हा सोलणीतल्या सगळ्यात जुन्या काकी शांतपणे म्हणाल्या, "गे बाये, फळ्यार लिवलला कोण वाचता? हातात दी, मगे कळतला." टेस्टा हा शब्द मी प्रशिक्षणात शिकले होते. टेबलावर त्याला सगळ्या सालच म्हणत आल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी पांढऱ्या इनॅमलच्या ताटलीत पाच छोटे ढीग केले: स्वच्छ पांढरा अख्खा गर, सालीचा ठिपका राहिलेला, करपलेला, किडका आणि पाकळी. ताटली आधी माझ्या टेबलावर ट्यूबलाइटखाली ठेवली होती. काकींनी ती उचलून खिडकीपाशी त्यांच्या टेबलावर नेली, कारण ट्यूबखाली फिकट करपलेला गरही पांढराच दिसतो. हे मला माहीत नव्हतं, त्यांना होतं. प्रत्येकीने पाचही ढिगांतला एकेक गर बोटांत फिरवून पाहिला. कामाला सुरुवात झाल्यावर सांगण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं.

ग्रेडचंही तसंच आहे. ३२० म्हणजे एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, ३०० ते ३२० गर. २४० म्हणजे २२० ते २४०. आकडा लहान तितका गर मोठा, आणि नव्या मुलीचा गोंधळ नेमका इथेच होतो. तोंडी दहा वेळा समजावण्यापेक्षा तिच्याकडून दोन्ही ग्रेडचा एकेक पौंड काट्यावर तोलून घ्या आणि मोजायला लावा. अर्धा तास जातो. मग मोजायची गरज पडत नाही, हाताला अंदाज येतो.

नमुन्याच्या अडचणीही आहेत. उघड्यावरचा गर पिवळा पडतो, त्याला कीड लागते, म्हणून ताटली दर आठवड्याला बदलावी लागते. आणि माल का परत आला, सुट्टी कधी, दर काय, हे ताटली सांगत नाही. ते तोंडीच सांगावं लागतं, आणि त्यासाठी सकाळी काम सुरू होण्याआधीची दहा मिनिटं सगळ्यात चांगली. संध्याकाळी सभा घेऊ नका. सगळ्यांचा जीव एसटीत अडकलेला असतो, बस चुकली की वाडीपर्यंत पायपीट.

ग्रुप: लिहून की आवाजात

लिहिण्यापेक्षा व्हॉइस मेसेज बरा, आणि तो मालवणीत. "उद्या बी येवची नाय, सुट्टी आसा" एवढं सात वाजेपर्यंत पोचलं की पुरे. फोन बहुतेक घरी मुलांच्या हातात असतो. आई चुलीशी असली तरी आवाज तिच्या कानावर पडतो, मजकूर पडत नाही. ग्रेडिंगच्या खोलीत फोन आणायला बंदी असेल, तर कामाच्या वेळेतल्या सूचनांना ग्रुपचा उपयोगच नाही. आणि कोणाची चूक ग्रुपवर कधीही काढू नका. चूक दाखवायची तर तिला बाजूला घेऊन, खाली आवाजात.

शेतकरी: पावती की डोळ्यांसमोर फोड

हंगामात मार्च ते मे दारात रांग असते, आणि सगळी भांडणं कपातीवरून. "आर्द्रता जास्त, कपात" असं छापलेली पावती हिशोबाला लागतेच, पण तिने कोणाचं समाधान होत नाही. वर्षभर कलमं राखलेल्या माणसाला त्या एका शब्दात आपण फसवले गेलो असं वाटतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. म्हणून त्याच्याच पोत्यातली मूठभर बी त्याच्यासमोर फोडायची. काळा पडलेला, सुरकुतलेला, पोकळ गर वेगळा करून त्याच्या तळहातावर द्यायचा. बादलीत पाणी घेऊन तरंगणारी बी दाखवली तरी चालतं. सोबत हिशोब सांगायचा: चार किलो बियेतून साधारण एक किलो गर निघतो, त्यात एवढा खराब गेला तर आमच्या हाती काय उरतं. पुढच्या वेळी दोन-तीन कडक उन्हं दाखवून आणा, हेही त्याच दमात. "काका" म्हणून बसवून, चहा देऊन सांगितलेलं आणि खिडकीतून पावती सरकवून सांगितलेलं, यात फार अंतर पडतं. वेळ जास्त लागतो हे खरं. रांग लांब असेल तर निदान ज्याची कपात मोठी आहे, त्याच्यासाठी तरी एवढं करा.

व्यापारी आणि बँक

व्यापाऱ्याशी भाव फोनवरच ठरतो, लिहीत बसलात तर माल दुसऱ्याचा जातो. फोन ठेवल्याबरोबर दोन ओळी पाठवायच्या: ग्रेड, किलो, भाव, गाडी कोणत्या दिवशी. वाईट बातमी असेल तर उलट, ती आधी आवाजात. माल उशिरा निघणार हे त्याला मेसेजमधून कळलं तर तो तुमच्यावरचा विश्वास कमी करतो, फोनवर कळलं तर त्याच्या गिऱ्हाइकाला सावरतो.

बँकेला मात्र सगळं कागदावरच द्या. साहेब कितीही ओळखीचे असोत, त्यांना पुढे फाइल द्यावी लागते आणि फाइलला तुमचं बोलणं ऐकू येत नाही. तिथे "पाकळी", "बोरमा" (गर वाळवायची भट्टी) हे शब्दही समजावून लिहा.

जिथे एका मार्गाने भागत नाही

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा सांगतो, की दहा किंवा जास्त कामगार असतील तिथे अंतर्गत समिती हवी आणि तिची माहिती ठळक जागी लावलेली हवी. इथे फलक लावायलाच हवा. पण मी पाहिलंय, तो फलक ऑफिसच्या दाराशी लागतो आणि ज्या बायकांसाठी आहे त्या मागच्या दाराने आत येतात. म्हणून तो त्यांच्या डब्याच्या खोलीत लावा आणि एकदा बसून मोठ्याने वाचून दाखवा, समितीतल्या बाईंना समोर उभं करून. तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते, हेसुद्धा तोंडी सांगा. वाचून दाखवणाऱ्यात पुरुष मालक नसलेला बरा.

आणि मजुरी. किलोवरचा दर बदलला तर आधी तोंडी, त्याच दिवशी कागद हातात. क्रम चुकवू नका. कागद आधी गेला तर घरोघरी त्याचे वेगवेगळे अर्थ लागतात, आणि नुसतं तोंडी राहिलं तर महिनाअखेरीला कोण काय म्हणालं यावर वाद. गेल्या वेळी दर बदलला तेव्हा त्याच काकींनी कागद घडी घालून पदराच्या टोकाला बांधला. रात्री सुनेकडून वाचून घेतला आणि सकाळी दोन प्रश्न घेऊन आल्या. दोन्ही रास्त होते. एकाचं उत्तर मला देता आलं. दुसऱ्याचं शेटना विचारून आणलं, आणि एसटी सुटायच्या आत त्यांच्या टेबलापाशी जाऊन सांगितलं.