रंगपंचमीनंतर गाडी डिटेलिंगला दिली: रेट कडक आहे, पण हिशोब समोर असतो (रिंग रोड, इंदूर)

चार स्टार. पाचवा का कापला ते खाली येईलच.

आधी पैशांचं बोलू, कारण ज्याला सांगतो तो पहिले तेच विचारतो. माझी पांढरी बलेनो, आतून पूर्ण डिटेलिंग (म्हणजे कानाकोपऱ्यातली खोल साफसफाई), बाहेरून वॉश, क्ले (मातीसारख्या वडीने पत्र्याला चिकटलेला मळ काढणं) आणि एक स्टेज पॉलिश (एकदाच फिरवलेलं), मिळून ७,५०० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८,८५० गेले. ऐकून आमच्या शेजारचे काका म्हणाले अरे एवढ्यात तर दोन टायर आले असते. आले असते, पण टायरने सीटवरचा गुलाबी रंग गेला नसता ना.

झालं असं की रंगपंचमीला गाडी इमली बाजारात आत्याकडे लावली होती आणि गेर (रंगपंचमीची मिरवणूक) बघायला सगळे राजवाड्यावर. ज्यांनी गेर बघितली आहे त्यांना सांगायला नको, टँकर आणि तोफांनी रंग उडतो, तो काही गाडी कोणाची ते बघत नाही. त्यात परत येताना पोरं ओल्या कपड्यांनी तशीच मागच्या सीटवर बसली. पत्र्यावरचा रंग घरी धुतल्यावर बराच गेला पण काळं प्लास्टिक, दाराचं रबर, वायपरखालची जाळी, सीटबेल्ट, सगळं गुलाबी ते गुलाबीच राहिलं.

इथे फोनवर पक्का रेट सांगत नाहीत, फक्त एवढे ते एवढे असं सांगतात, बाकी गाडी बघून. मला आधी वाटलं हे गिऱ्हाईक बघून रेट ठरवायचं तंत्र असेल. पण मालक (तिशीतला मुलगा, आपलाच मराठी, घरी बोलतो तसंच बोलतो) टॉर्च घेऊन गाडीभोवती फिरला, दारं उघडून खालच्या पट्ट्या बघितल्या, पेंटची जाडी मोजायचं मीटर लावलं. बाकी सगळीकडे शंभर-सव्वाशे मायक्रॉन आणि डाव्या मागच्या दारावर २८० निघाले, म्हणजे ते दार परत रंगवलेलं, मागे एक स्कूटरवाला घासून गेला होता ते मला माहीतच होतं. बंपर प्लास्टिकचा, तिथे हे मीटर चालत नाही म्हणाला, तो नुसता डोळ्यांनी बघितला. मग एका कागदावर सगळं लिहिलं, कुठले ओरखडे जातील, कुठले फक्त फिके होतील, कुठल्याला हात लावणार नाही. मागच्या सीटवरच्या एका डागासमोर 'पूर्ण जाणार नाही' लिहून माझी सही घेतली, आणि हे सगळं पैसे घ्यायच्या आधी.

मला पटलं ते पुढचं. मी स्वतःच सिरॅमिक कोटिंगबद्दल (पेंटवर चढवायचा संरक्षक थर) विचारलं, दुसरा कोणी असता तर तिथेच अ‍ॅडव्हान्स घेतला असता. हा म्हणे, काका, तुम्ही गाडी रस्त्यावर उन्हात लावता, बोअरच्या पाण्याने धुता, कोटिंगवर पण क्षाराचे डाग पडणारच, एवढे पैसे नका घालू. आणि ते ९एच ९एच म्हणून विकतात ना, ती पेन्सिलची हार्डनेस असते म्हणे, दगड लागला तर ओरखडा येणारच. हेवी कटिंगला (जोरात घासून ओरखडे काढायला) पण नाहीच म्हणाला, वरचा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) साधारण ४०-५० मायक्रॉनचा, दर वेळी घासला की थोडा कमी होतो, जेवढी गरज तेवढंच घासायचं.

मी बसलो होतो तेवढ्यात एक काळी मोठी एसयूव्ही आली आणि खरा तमाशा सुरू झाला. त्याला सिरॅमिक हवं होतं, रेट सांगितला २८,०००. मग नेहमीचं सगळं, पलीकडे १८ मध्ये करतात, मी ऑफिसच्या अजून तीन गाड्या आणतो, इन्स्टावर स्टोरी टाकतो, भिया कुछ तो कम करो. आपल्याकडे नमकीनच्या दुकानात चव बघायला म्हणून मूठभर शेव तोंडात टाकायची सवय, तीच सगळीकडे लावतो आपण. मालक चिडला नाही, शांतपणे म्हणाला, १८ मध्ये पण करतो, पण मग पेंट करेक्शन (पॉलिश करून ओरखडे काढणं) नाही, वॉश, क्ले आणि सरळ कोटिंग, उन्हात दिसतात ते गोल गोल ओरखडे कोटिंगखाली तसेच राहतील. खर्च कुठे जातो तेही सांगितलं, दोन पोरं दोन दिवस याच गाडीवर, तेवढे दिवस बे (गाडी उभी करायची जागा) अडकलेला, पॅड, कोटिंगची बाटली. आणि तीन गाड्यांचं? "तीन आणा, तिसऱ्या गाडीला कमी करतो. पहिल्या गाडीला कसं कमी करू?"

शेवटी २२ वर ठरलं, करेक्शन फक्त बोनेट आणि छताचं. जाता जाता तो म्हणाला आतून पण जरा मारून दे, तर उत्तर मिळालं व्हॅक्यूम मारतो, शॅम्पू नाही. हे मला भारी आवडलं, रेट कमी झाला की कामही तेवढं कमी झालं आणि तेही कागदावर. नाहीतर रेट कमी करून काम तेच म्हणणारा कुठेतरी हात मारतोच, फक्त आपल्याला दिसत नाही. मागे एका ठिकाणी (नाव नको) स्वस्तात पॉलिश केलं होतं, गाडी आरशासारखी चमकली आणि तीन-चार धुण्यांत सगळे ओरखडे परत हजर, नुसतं फिलर (ओरखडे तात्पुरते झाकणारं) भरलेलं होतं.

काम म्हणाल तर उत्तम. रोज पिथमपूरला जाणं-येणं असल्याने चाकांवर ब्रेकची धूळ बसलेली, त्यावर स्प्रे मारला की जांभळे ओघळ येतात ते बघायला मजा येते. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून क्लिप लावून ठेवले होते, पूर्ण सुकल्यावरच आत सोडले, ओला बेल्ट आत गेला तर कुबट वास येतो. सीट पण कोरड्या मिळाल्या. तो एक डाग फिका होऊन राहिला आहे, लिहून दिल्याप्रमाणे.

आता स्टार का कापला. एक, जीएसटी वेगळा हे बोर्डावर खाली बारीक अक्षरात आहे, तोंडी सांगितलंच नाही, एवढा कागद करतोस तर त्यात एक ओळ अजून लिही की. दोन, संध्याकाळी देतो म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी दिली आणि फोन मलाच करावा लागला. तीन, रंगपंचमीच्या आठवड्यात आतल्या कामाला सरसकट ५०० जास्त घेतात. माझ्या गाडीला मान्य, रंग खरंच मुरला होता, पण माझ्या मित्राच्या गाडीत नुसती धूळ होती, त्याच्याकडूनही घेतले. गाडी बघून रेट सांगणाऱ्याने कॅलेंडर बघून पैसे लावू नयेत. मी हे त्याला सांगितलं, तो हसला, हो-नाही काही म्हणाला नाही.

सोमवारी बंद असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून रेट मागू नका, देत नाहीत, गाडी घेऊनच जा, आणि कागदाची एक कॉपी मागून घ्या, आपणहून देत नाहीत.