रस्ता उजवीकडचा, सवय डावीकडची: कोणती गाडी घ्यावी, कुठून घ्यावी

कायम रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवणाऱ्याला फ्रान्स किंवा अमेरिकेत गाडी चालवायची म्हटलं की आधी गर्दीची धास्ती वाटते. खरं तर गर्दीत बाजूची चूक कमी होते, कारण पुढची गाडी जिथून जाते तिथूनच आपणही जातो. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर. पहाटे हॉटेलच्या पार्किंगमधून बाहेर पडताना, पेट्रोल भरून पुन्हा रस्त्याला लागताना, एकेरी रस्ता संपून दुहेरी सुरू होतो तिथे, किंवा फोटोसाठी थांबून परत निघताना. म्हणून पर्याय निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा: समोर दुसरी गाडी नसताना योग्य बाजूची आठवण मला कोण करून देणार?

स्वतःची गाडी की तिथली?

हा प्रश्न सगळ्यांना पडत नाही, पण जिथे सीमा ओलांडून गाडी नेता येते तिथे पडतोच. इंग्लंडमधून बोगद्याच्या रेल्वेने सुमारे ३५ मिनिटांत गाडीसह फ्रान्समध्ये पोचता येतं. थायलंडमधून लाओसला जाताना नोंग खाईजवळच्या मैत्री पुलावर वाहतूक डावीकडूनच चालते, आणि लाओसच्या टोकाला सिग्नलवर बाजू बदलते. हाँगकाँगच्या ठरावीक गाड्यांनाही २०२३ पासून मोठ्या सागरी पुलावरून चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात जाता येतं, आणि तिथे उजवीकडून चालवावं लागतं.

स्वतःच्या गाडीचा फायदा उघड आहे. तिची लांबी-रुंदी अंगवळणी पडलेली असते, इंडिकेटर कुठे आणि वायपर कुठे हे हाताला माहीत असतं, मुलांच्या सीट बसवलेल्या असतात. अपंगत्वामुळे गाडीत खास फेरफार केलेले असतील तर दुसरा पर्याय शोधूच नये.

तोटा मात्र मोठा आहे. स्टिअरिंग उजवीकडे आणि गाडीही रस्त्याच्या उजव्या बाजूला, म्हणजे चालक फुटपाथच्या कडेला बसतो. समोर ट्रक असेल तर त्याच्या पलीकडचं काही दिसत नाही. पाहायला म्हणून गाडी डावीकडे काढावी, तर चालकाच्या डोळ्यांआधी गाडीचं अर्धं तोंड समोरच्या लेनमध्ये गेलेलं असतं. स्वीडनमध्ये १९६७ पर्यंत याची उलट अवस्था होती: वाहतूक डावीकडून, पण बहुतेक गाड्यांची स्टिअरिंगही डावीकडेच. अरुंद रस्त्यांवरचं धोकादायक ओव्हरटेकिंग हे ३ सप्टेंबर १९६७ ला सगळा देश उजवीकडे वळवण्यामागचं एक मुख्य कारण होतं.

स्वतःची गाडी न्यायचीच असेल तर दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेक करायचं नाही असं निघतानाच ठरवून टाकावं. ट्रकच्या मागे नेहमीपेक्षा दुप्पट अंतर ठेवावं. अंतर वाढलं की त्याच्या कडेने पुढचा रस्ता दिसू लागतो. शेजारी बसलेल्याला दिसत असलं तरी त्याच्या ‘जा’वर गाडी काढू नये. समोरच्या गाडीचा वेग जोखण्याची सवय चालकाला असते, त्याला असेलच असं नाही.

हेडलाइटचं काम निघण्याआधीच उरकावं. डावीकडच्या देशांतल्या लो बीमचा झोत रस्त्याची कड दिसावी म्हणून डाव्या बाजूला थोडा वर चढलेला असतो. उजवीकडून चालवताना तोच चढलेला भाग थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. हॅलोजन दिव्यांवर झोत अडवणारे स्टिकर लावता येतात, पण ते पाकिटावरच्या आकृतीत आपल्या मॉडेलसाठी दाखवलेल्या जागीच लावायचे आणि परतल्यावर काढायचे. अनेक नव्या एलईडी दिव्यांना स्टिकर लागू पडत नाहीत. त्यांच्या सेटिंगमध्ये बाजू बदलण्याची सोय असते किंवा झोत वर्कशॉपमध्ये बदलून घ्यावा लागतो. गाडीची पुस्तिका आधी वाचावी. टोलनाके आणि पार्किंगची तिकीट यंत्रं डाव्या खिडकीच्या हिशोबाने उभी असतात, त्यामुळे एकट्या चालकाला प्रत्येक वेळी उतरावं लागतं. फ्रान्समध्ये टोलचा टॅग काचेला लावला की हा त्रास संपतो.

तिथलीच गाडी भाड्याने घेतली तर स्टिअरिंग डावीकडे येतं, आणि त्याबरोबर एक पक्की खूण मिळते: चालक नेहमी रस्त्याच्या मध्यरेषेच्या बाजूला. सवयीच्या गाडीतही असंच असतं, फक्त आता सगळं आरशातल्यासारखं उलटं. रिकाम्या रस्त्यावर आपण कडेला बसलोय असं वाटलं की बाजू चुकली हे त्याच क्षणी कळतं. स्वतःच्या गाडीत ही खूण मिळत नाही. आमच्या मते निर्णय इथेच होतो. प्रवास बहुतांश महामार्गावर आणि सामान खूप असेल तर स्वतःची गाडी चालेल. खेड्यापाड्यांत, डोंगरात फिरायचं असेल तर तिथलीच घ्यावी.

तिथल्या गाडीचा एक ठरलेला दोष आधीच माहीत असलेला बरा. शरीराला लेनच्या उजव्या भागात बसायची सवय असते. डाव्या सीटवर बसूनही आपण स्वतःला तिथेच आणून ठेवतो आणि गाडी हळूहळू उजवीकडे सरकते. मग उजवा आरसा उभ्या गाड्यांना घासतो, उजवी चाकं फुटपाथच्या कडेवर चढतात. शेजारचा अंग चोरून बसू लागला तर तो उगाच घाबरलेला नाही; गाडी खरंच सरकलेली असते.

जिथे रस्ता आणि स्टिअरिंग जुळत नाहीत

अमेरिकन व्हर्जिन बेटांवर वाहतूक डावीकडून चालते, पण गाड्या अमेरिकेतल्या, म्हणजे डाव्या स्टिअरिंगच्या. म्यानमार १९७० मध्ये उजवीकडे वळला, तरी तिथे जपानी बनावटीच्या उजव्या स्टिअरिंगच्या जुन्या गाड्या भरपूर. अशा ठिकाणी वर सांगितलेली खूण उलटी पडते. बुकिंग करताना स्टिअरिंग कोणत्या बाजूला आहे हे स्पष्ट विचारावं, आणि जुळणारी गाडी मिळत नसेल तर चालकासह गाडी घ्यावी.

ऑटोमॅटिक की मॅन्युअल

पेडलचा क्रम दोन्ही बाजूंच्या गाड्यांत सारखाच असतो: डावीकडे क्लच, मध्ये ब्रेक, उजवीकडे ॲक्सिलरेटर. गिअरचा नकाशाही तोच, पहिला डावीकडे वर. बदलतो तो हात आणि दिशेचा अंदाज. उजव्या स्टिअरिंगला पहिला गिअर आपल्यापासून दूर असतो. डाव्या स्टिअरिंगला तो आपल्या मांडीकडे येतो. चौथ्यातून तिसऱ्यावर येताना मनगट सवयीने वळतं आणि चुकून पहिल्या-दुसऱ्याच्या रांगेत जातं. गडबडीत डावा हात दारावर आपटतो. चढावरच्या चौकात, मागे गाडी चिकटलेली असताना, हे सगळं एकदम होतं आणि नेमकी तेव्हाच बाजूवरची नजर सुटते.

ऑटोमॅटिक घ्यावी. युरोपात ती सहसा महाग पडते आणि लहान शाखांत कमी असते, म्हणून ती लवकर आणि नाव घेऊन मागावी लागते. ‘किंवा तत्सम’ असं लिहिलेल्या बुकिंगमध्ये गिअरचा प्रकार वेगळा नोंदला आहे का ते पाहावं. अमेरिकेत प्रश्नच येत नाही, भाड्याच्या जवळपास सगळ्या गाड्या ऑटोमॅटिक असतात. मॅन्युअलची सवय असलेल्यांनी एक जपावं: थांबताना डावा पाय क्लच समजून रुंद ब्रेकवर पडतो आणि गाडी जागच्या जागी आदळल्यासारखी थांबते. डावा पाय मागे, सीटच्या बाजूला ओढून ठेवावा.

मॅन्युअलच घ्यायची वेळ आली तर निदान गाडी लहान घ्यावी. एक आकार वर फुकट देतो असं काउंटरवर सांगितलं तरी नकार द्यावा, कारण उजवी कड कुठे संपते हे न कळणं हीच इथली खरी अडचण आहे, आणि रुंदी वाढली की ती वाढते.

विमानतळावरून की गावातून

विमानतळावरच्या शाखेत गाड्यांची निवड जास्त, शाखा उघडी राहण्याची वेळ जास्त, आणि बाहेर पडणारा रस्ता बहुधा दुभाजकाचा असतो. दुभाजक असला की बाजू चुकायला वाव फार थोडा. पण रात्रभराच्या विमानप्रवासानंतर डोळे मिटत असताना या सोयीला काही अर्थ उरत नाही. गावातल्या शाखेत झोप झालेली असते, काही वेळा भाडंही कमी पडतं. मात्र पहिल्याच दहा मिनिटांत ट्राम, एकेरी गल्ल्या आणि सायकलींची लेन समोर येते, शिवाय रविवारी शाखा बंद असू शकते.

दोन्हींतलं चांगलं घ्यायचं तर पहिली रात्र विमानतळाजवळ काढावी आणि सकाळी विमानतळावरूनच गाडी घ्यावी. मोठ्या शहरात आधी दोन-तीन दिवस राहणार असाल तर तेवढे दिवस गाडी नकोच. त्या दिवसांत पायी फिरताना आधी डावीकडे पाहून रस्ता ओलांडायची सवय लागते, आणि ती पुढे गाडीत कामी येते.

गाडी हातात आल्यावरचा अर्धा तास

इंजिन बंद असतानाच आरसे, सीट, इंडिकेटर पाहावेत. मधला आरसा आता उजवीकडे वर असतो. नजर सवयीने डावीकडे जाते आणि खांब दिसतो. ज्यांच्या गाडीत इंडिकेटर उजव्या हाताला असतो ते पहिले काही तास वळताना वायपर लावणार. त्याने बिघडत नाही, पण चौकात दचकून थांबू नये. मग पार्किंगमध्येच उजवी चाकं एखाद्या पांढऱ्या रेषेला समांतर आणून थांबावं, आणि ती रेषा बॉनेटवर कुठे टेकलेली दिसते ते लक्षात ठेवावं. दोन-तीनदा केलं की उजवी कड सापडते. रिव्हर्स घेताना आता उजव्या खांद्यावरून मागे पाहायचं.

सगळ्यात फसवं वळण डावीकडचं. आपल्या सवयीचं डावं वळण छोटं, कडेकडेने घ्यायचं. इथे ते मोठं आहे: समोरून येणाऱ्यांना जाऊ द्यायचं, चौकात पुढे जायचं आणि मग पलीकडच्या लेनमध्ये शिरायचं. सवयीने कापून घेतलं की थेट समोरच्याच्या लेनमध्ये. गोल चौकात वाहतूक घड्याळाच्या उलट फिरते. आत शिरताना डावीकडे पाहायचं आणि उजवीकडे वळायचं. शेजाऱ्याला एकच काम द्यावं: प्रत्येक चौकाआधी ‘उजवी बाजू’ म्हणायचं. नकाशाची जबाबदारी त्याच्यावर टाकू नये, ती फोनच्या आवाजावर सोडावी.

आणि समोरून अचानक गाडी आली तर सरळ रेषेत जोरात ब्रेक. घाबरल्यावर हात सवयीच्या बाजूला, म्हणजे डावीकडे वळतो, आणि समोरचा चालक त्याच बाजूला असतो.

कोणता देश जास्त सांभाळून घेतो

उत्तर अमेरिकेत रंग मदत करतात. विरुद्ध दिशांच्या वाहतुकीमधली रेषा पिवळी, एकाच दिशेच्या लेनमधली पांढरी. पिवळी रेषा कायम आपल्या डावीकडे असली पाहिजे. उजवीकडे दिसली तर बाजू चुकली. युरोपात बहुतेक ठिकाणी दोन्ही रेषा पांढऱ्याच असतात. तिथे पाट्यांकडे लक्ष द्यावं: आपल्या बाजूला पाट्यांच्या फक्त मागच्या बाजू दिसत असतील तर आपण उलटे चाललो आहोत.

अमेरिकेत लाल सिग्नलला पूर्ण थांबून उजवीकडे वळायला बहुतेक ठिकाणी परवानगी आहे, न्यूयॉर्क शहरात मात्र तशी पाटी असल्याशिवाय नाही. फ्रान्समध्ये आणि बेल्जियममध्ये पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तो कितीही छोट्या गल्लीतून येवो. उलट बाजूने पहिल्यांदाच चालवणाऱ्याला रुंद रस्त्यांची अमेरिका सोपी जाते. बाजू बदलायला नकोच म्हणून आयर्लंड निवडणाऱ्यांनीही तिथल्या दगडी बांधांमधल्या अरुंद रस्त्यांचा विचार करावा. बाजू ओळखीची असली तरी ते रस्ते सोपे नाहीत.

विमा आणि कागद

वर सांगितलेल्या उजवीकडे सरकण्यामुळे नुकसान होतं ते उजवे टायर, रिम आणि आरसा यांचं. भाड्यात धरलेल्या मूळ संरक्षणातून टायर, चाकं, काच आणि गाडीचा तळ अनेकदा नेमके वगळलेले असतात, आणि बाकीच्या नुकसानीतही ठरावीक रकमेपर्यंतचा भार आपल्यावरच असतो. म्हणून अतिरिक्त संरक्षण घेताना ‘चाकं आणि टायर धरून’ हे शब्द करारात शोधावेत. ते काउंटरवर घेण्याआधी वेगळ्या विमा कंपनीकडून मिळतं का पाहावं. मात्र तशा विम्यात आधी पैसे आपण भरायचे आणि मग परत मागायचे असतात, आणि कार्डावर अडकवलेली अनामत रक्कमही मोठी असते. गाडी घेताना चारही रिमचे फोटो जवळून काढावेत.

आंतरराष्ट्रीय परवाना मूळ परवान्यासोबतच चालतो आणि निघण्याआधी आपल्याच देशात काढावा लागतो. रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसारचा परवाना एक वर्षापर्यंत चालतो, १९६८ च्या करारानुसारचा तीन वर्षांपर्यंत. जाणार त्या देशाला कोणता लागतो ते तपासावं. स्कूटर घ्यायचा विचार असेल तर परवान्यावर दुचाकीचा प्रकार नोंदलेला हवा, नाहीतर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते. स्कूटरला स्टिअरिंगची बाजू बदलत नाही, म्हणून ती सोपी वाटते. पण त्यामुळेच ती बाजूची आठवणही करून देत नाही, आणि चूक झाली तर मध्ये पत्रासुद्धा नसतो. उलट बाजूचा पहिला दिवस तिच्यावर काढू नये.